एकच अल्बम आणि पाच पाट्या: ॲलिस इन चेन्सचं प्रकरण

मागच्या मे महिन्यात भाची आमच्याकडे पुण्याला राहायला आली होती. बारावीची परीक्षा झालेली, वर्षभरापासून गिटार शिकतेय, आणि डोक्यात सध्या फक्त निर्वाणा, नव्वदीतला तो अमेरिकन रॉक बँड. त्यांचं सगळं ऐकून झालं म्हणून तिने फोनवर ग्रंज नावाची एक तयार प्लेलिस्ट लावली, कारण निर्वाणा म्हणजे ग्रंज, सिॲटल या अमेरिकन शहरातून आलेला रॉक, असं जिथे तिथे लिहिलेलं असतं, आणि चौथ्या-पाचव्या गाण्याला ॲलिस इन चेन्स सुरू झालं. मी आत चहा टाकत होतो. दोन मिनिटांत ती ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "मामा, हे चुकून आलंय ना यात? हे तर मेटल आहे." मी म्हटलं, "नाही गं, ग्रंजच आहे, सिॲटलचे जे चार मोठे बँड म्हणतात त्यातलाच हा एक." ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग निर्वाणा ग्रंज नसणार. दोन्ही एकच कसं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन्ही बँड मी कॉलेजपासून ऐकतोय आणि डोक्यात दोघांना एकाच खणात ठेवलेलं, ते का ठेवलं हे कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. मग पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघांनी हेच केलं, रोज संध्याकाळी ऐकायचं, वाजवून बघायचं, मोजायचं, आणि मी जुन्या तारखा लावून बघत होतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. प्रश्न साधा आहे, बँडवर संगीत-प्रकाराची जी पाटी लावतात तिच्यावरून तो बँड ऐकायला कसा आहे हे कळतं का? त्यासाठी हा बँड फार चांगला नमुना आहे, कारण याची पाटी चार-पाच वेळा बदलली, आणि निदान एकदा तरी ती बदलली तेव्हा संगीत तसूभरही बदललेलं नव्हतं.

आधी बँडची हकीकत

गायक लेन स्टेली आणि गिटारवाला जेरी कँट्रेल हे सिॲटलच्या आसपासचे. दोघंही ऐंशीच्या दशकात ग्लॅम वाजवायचे, म्हणजे फुगवलेले केस, मेकअप, चमचमते कपडे, तेव्हाची लॉस एंजेलिसची फॅशन. स्टेलीच्या त्या बँडचं नावसुद्धा ऐकायला जवळपास हेच होतं. १९८७ मध्ये आत्ताचा बँड उभा राहिला, बॅलर्ड भागातल्या एका रिहर्सल इमारतीत ही मंडळी वाजवायची आणि राहायचीही, आणि सुरुवातीच्या टेप्सवर ग्लॅमचा वास अजून येतो. ही पहिली पाटी.

१९८९ मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीने त्यांना घेतलं. पहिला अल्बम फेसलिफ्ट ऑगस्ट १९९० मध्ये आला, निर्माता डेव्ह जर्डन, थोडं काम सिॲटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत आणि थोडं हॉलिवूडला. कंपनीने तो मेटल, म्हणजे जड गिटारचा कडक रॉक, म्हणून विकायला काढला. त्यांचं पहिलं गाणं मेटल वाजवणाऱ्या रेडिओवर चाललं, आणि १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांना अमेरिकेतल्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स' दौऱ्यावर पाठवलं, स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्सच्या आधी वाजवायला. थ्रॅश, म्हणजे मेटलचा अतिवेगवान प्रकार, ऐकायला आलेल्या पब्लिकने त्यांच्यावर मिळेल ते फेकलं, थुंकलेसुद्धा. हे तपशील मला महत्त्वाचे वाटतात कारण कंपनीच्या दृष्टीने ते मेटल होते पण मेटलच्या कट्टर श्रोत्यांना ते आपले वाटत नव्हते. त्या लोकांना प्रचंड वेग हवा होता आणि हा बँड तर रेंगाळत, पाय ओढत चालणारा. म्हणजे दुसरी पाटीसुद्धा ऐकणाऱ्यांच्या कानाला पटलेली नव्हतीच.

आता तारखा बघा. 'मॅन इन द बॉक्स' हे गाणं १९९१ मध्ये एमटीव्हीने उचललं, त्यामुळे फेसलिफ्ट त्या सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोल्ड झाला, म्हणजे पाच लाख प्रती. २४ सप्टेंबरला निर्वाणाचा नेव्हरमाइंड आला. जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनला बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवरून हलवलं आणि सगळ्या अमेरिकेचं तोंड सिॲटलकडे वळलं. त्यानंतर ॲलिस इन चेन्स ग्रंज झाले. फेसलिफ्टमधली एक नोट बदलली नव्हती, मिक्स तेच, मुखपृष्ठ तेच, पण जून १९९१ मध्ये जो बँड स्लेअरच्या आधी वाजवत होता तोच बँड १९९३ च्या लोलापालूझामध्ये, म्हणजे ऑल्टरनेटिव्ह, मळलेल्या वाटेबाहेरचा रॉक वाजवणाऱ्या, लोकांच्या सगळ्यात मोठ्या जत्रेत, मुख्य नावांपैकी एक होता. मधल्या काळात ते मेटलवाल्या ऑझी ऑस्बर्नबरोबरही फिरले, हार्ड रॉकवाल्या व्हॅन हेलनबरोबरही. आणि ग्रॅमीवाल्यांनी 'मॅन इन द बॉक्स'ला नामांकन दिलं ते हार्ड रॉकमध्ये.

कँट्रेलने २०१३ मध्ये एका मुलाखतीत हे सगळं स्वतःच सांगितलंय, की आम्ही आलो तेव्हा मेटल होतो, मग ऑल्टरनेटिव्ह मेटल, मग ग्रंज, मग हार्ड रॉक, आणि आता एका दुकानात जाऊन पाहिलं तर आम्हाला परत मेटलच्या खणात ठेवलंय, जिथून निघालो तिथेच. ज्याने ते रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, लिहिले त्याच्याच तोंडून हे ऐकलं की पाट्या कोण लावतं आणि कशासाठी, हा विचार टाळता येत नाही.

कानाने काय सापडलं

भाचीचं म्हणणं खोटं नव्हतं हे आम्हाला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिने निर्वाणाचं सगळ्यात गाजलेलं गाणं वाजवायला घेतलं. गिटार नेहमीच्या सुरात लावलेली, चार पॉवर कॉर्ड, कडव्यात आवाज एकदम खाली आणि धृपदाला सगळं फुटतं. हळू-जोरात-हळू-जोरात. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन, त्याने स्वतः सांगितलंय की पिक्सीज या बँडची नक्कल करायला गेलो होतो. अख्खं गाणं या चढ-उतारावर उभं आहे.

मग 'मॅन इन द बॉक्स' लावलं आणि तिला सांगितलं की सोबत वाजव. जुळेचना. सुरात नाही, बेसूर नाही, नुसतं चिकटून बाजूला बाजूला. कारण त्यांची गिटार अर्धा सूर खाली लावलेली असते. तारा सैल केल्या, परत वाजवलं आणि लगेच बसलं, आणि भाची म्हणाली की तार हाताखाली वेगळी लागतेय, मऊ, जरा लुळी. हा अर्ध्या सुराचा फरक ऐकणाऱ्याला नाव घेऊन सांगता येत नाही पण पोटात जाणवतो. आणि त्या गाण्यात जो बोलल्यासारखा गिटारचा आवाज येतो तो टॉक बॉक्सचा. एका प्लास्टिकच्या नळीतून गिटारचा आवाज वाजवणाऱ्याच्या तोंडात सोडतात, तो ओठ-जीभ हलवून त्याला आकार देतो आणि समोरचा माइक तो पकडतो. त्याच्या वर स्टेली शब्दांशिवाय नुसता स्वर लावून गिटारच्या मागोमाग जातो. म्हणजे गिटार माणसासारखी बोलतेय आणि माणूस गिटारसारखा गातोय. यातलं काही निर्वाणाच्या त्या गाण्यात नाही. हळू-जोरात असला खेळही इथे नाही, रिफ सुरू झाला की रेड्यासारखा एका चालीने पुढे जात राहतो.

पण खरी गोष्ट आवाजांची आहे आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्या मते या बँडची सगळी ओळख तिथे आहे. नेव्हरमाइंडवर कोबेनचा आवाज बऱ्याच ठिकाणी दुहेरी आहे, पण तो तोच माणूस तीच ओळ तशीच परत गातोय आणि दोन्ही एकावर एक ठेवलेत, त्यामुळे आवाज जाड होतो, सूर एकच राहतो. ॲलिस इन चेन्समध्ये स्टेली आणि कँट्रेल एकच ओळ, तेच शब्द, त्याच क्षणी, पण दोन वेगळ्या सुरांवर गातात. एक सा वर असेल तर दुसरा वर ग वर नाहीतर प वर, आणि ओळ जशी हलेल तसे दोघं बरोबर हलतात, एका जोखडातल्या बैलांसारखे. आपल्याकडे युगुलगीतात दोन आवाज असतात पण बहुतेक वेळा एक थांबला की दुसरा सुरू होतो, किंवा शेवटी दोघं एकच सूर धरतात, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय कमी. आणि यांचे सूर गोड वाटावेत असे दरवेळी निवडलेले नाहीत, कधी कधी दोन आवाजांत असं अंतर ठेवलंय की ते एकमेकांना घासतात, आणि तो घासण्याचा आवाज हेच त्या गाण्याचं दुःख. काही ठिकाणी स्टेलीने स्वतःच्याच आवाजाचे थर रचलेत, पण तत्त्व तेच. नुसतं धृपद कुठूनही ऐकवा, तीन सेकंदांत कळतं की हेच ते.

मग डर्ट. सप्टेंबर १९९२ चा दुसरा अल्बम. त्याचं पहिलं गाणं 'देम बोन्स', जेमतेम अडीच मिनिटांचं. रिफ एकेक पायरी वर चढत जातो, मधली एकही पट्टी न सोडता, पेटीवर काळी-पांढरी सगळ्या ओळीने दाबत गेल्यासारखा. भाचीला तो वाजवता येत होता पण गाण्यासोबत दर वेळी पुढे-मागे व्हायचा आणि ती वैतागली. तेव्हा आमच्या सोसायटीतल्या काकांना बोलावलं, ते तबला शिकवतात. त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं, टेबलावर बोटं वाजवली आणि म्हणाले, "सात आहेत गं बाळा, तू आठ मोजतेस." मात्रा रूपकाइतक्याच, पण रूपकात ती तीन-दोन-दोनची जी झुलती चाल असते ती यात नाही, इथे आठवी मात्रा कापून टाकल्यासारखी वाटते, पाऊल पडायच्या आधीच पुढची पायरी येते. आणि धृपदाला गाणं सरळ चारात जातं तेव्हा एकदम श्वास घेतल्यासारखं होतं. काका त्या दिवशी तासभर बसले. ड्रमवाल्याबद्दल म्हणाले की हा ठेका घट्ट धरतो पण मागे रेलून बसतो, घाई नाही त्याला. शॉन किनीबद्दल मी आजवर जे जे वाचलं त्यात हे इतक्या नेमकेपणाने कोणी लिहिलेलं मला आठवत नाही.

तर आमच्या वहीत जे उतरलं ते असं: अर्धा सूर खाली, जड आणि सावकाश रिफ, दोन पुरुषी आवाज समांतर चालणारे, कधी कधी सातची मात्रा, शब्दांशिवायचे सूर. यातलं मेटल या शब्दातून थोडंफार कळलं असतं, ब्लॅक सबाथ या जुन्या, सावकाश आणि जड बँडच्या बाजूचं मेटल म्हटलं असतं तर बरंच कळलं असतं. ग्रंज या शब्दातून काय कळलं असतं? गिटारचा आवाज खरखरीत असेल आणि गाणी आनंदी नसतील, एवढंच.

आणि मग जार ऑफ फ्लाइज. जानेवारी १९९४, सात गाण्यांची छोटी रेकॉर्ड, आठवडाभरात लिहून रेकॉर्ड केलेली, बहुतेक सगळी अकूस्टिक गिटारवर, एका गाण्यात व्हायोलिनवगैरे तंतुवाद्यं, एकात माउथ ऑर्गन. बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवर थेट उतरलेली ही पहिली ईपी. दुकानात ही कुठल्या खणात? ग्रंज. 'नटशेल'सारखं गाणं, चार कॉर्ड आणि एक थकलेला आवाज, आणि 'देम बोन्स', दोन्हींवर एकच पाटी. इथे तर मेटलची पाटीही पडते. टिकतात ते फक्त दोन आवाज. अकूस्टिक असो नाहीतर भिंत हलवणारं असो, ते दोघं गायला लागले की बँड ओळखू येतो.

मग हा शब्द आला कुठून

इथे मला माझ्याच मतात दुरुस्ती करावी लागली, कारण चार दिवसांनी मी ग्रंज हा शब्दच टाकाऊ आहे या टोकाला गेलो होतो आणि ते बरोबर नाही.

ग्रंज म्हणजे मळ, चिकट घाण. मार्क आर्म नावाच्या सिॲटलच्या एका पोराने १९८१ मध्येच एका स्थानिक पत्रिकेला पत्र लिहून स्वतःच्याच बँडला शिव्या घालताना हा शब्द वापरला होता. १९८७ मध्ये सब पॉप या तिथल्या छोट्या कंपनीने त्याच्याच पुढच्या बँडची, ग्रीन रिव्हरची, जाहिरात करताना तोच शब्द घेतला. पुढे आर्म मडहनी या बँडमध्ये गेला, आणि मडहनीने १९८८ मध्ये जी रेकॉर्ड काढली तिचं नावच दोन फझ पेडलवरून, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या पायाखालच्या डब्यांवरून, ठेवलंय, सुपरफझ बिगमफ. म्हणजे कोणत्या डब्यावर पाय ठेवला की हा आवाज निघतो ते मुखपृष्ठावर लिहिलेलं. यातल्या बऱ्याच रेकॉर्डी जॅक एन्डिनो या एकाच माणसाने, त्याच बॅलर्डमधल्या रेसिप्रोकल नावाच्या छोट्या स्टुडिओत, आठ ट्रॅकवर केल्या. निर्वाणाचा पहिला अल्बम ब्लीचसुद्धा तिथलाच, एकूण खर्च ६०६ डॉलर १७ सेंट. तेच पेडल, तोच स्टुडिओ, तोच इंजिनिअर, तीच वाजवणारी पोरं या बँडमधून त्या बँडमध्ये जाणारी. तेव्हा १९८७-८९ मध्ये कोणी ग्रंज म्हटलं असतं तर त्याचा एक विशिष्ट आवाज होता: घोगरा, मळकट, फझने बुजलेला, अर्धवट सुरातला. मडहनी ऐका, कळतं. तो शब्द तेव्हा कामाचा होता आणि ब्लीचलाही तो बसतो. नेव्हरमाइंडला तितका बसत नाही, ते कॅलिफोर्नियात निर्माता बुच व्हिगबरोबर झालं आणि मिक्स करणारा अँडी वॉलेस हा स्लेअरच्या रेकॉर्डी मिक्स केलेला माणूस.

ॲलिस इन चेन्स या हातातून त्या हातात जाणाऱ्या साखळीत नव्हते. निर्माता बाहेरचा, कंपनी मोठी, मुळं ग्लॅम आणि मेटलची. गाव तेच, ओळखी त्याच. १९९२ च्या फेब्रुवारीत त्यांनी सॅप नावाची अकूस्टिक ईपी काढली, तिच्यातल्या एका गाण्यात साउंडगार्डन या सिॲटलच्याच बँडचा ख्रिस कॉर्नेल आणि मडहनीचा हाच मार्क आर्म येऊन गायले, आणि त्या गाण्यापुरतं बँडचं नाव लिहिलं ॲलिस मडगार्डन. म्हणजे दोस्ती खरी, शेजार खरा. पण शेजारी राहिल्याने आमटीची चव एक होत नाही.

पुढे या शब्दाचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, फ्लॅनेलचे शर्ट, फॅशन शो, नोव्हेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंज लोकांच्या बोलीचा शब्दकोश छापला आणि नंतर उघड झालं की सब पॉपमध्ये पूर्वी काम केलेल्या मेगन जॅस्परने फोनवर मनाला येईल ते शब्द रचून सांगितले होते. तोवर तो शब्द आवाजापासून सुटून गाव आणि साल सांगायला लागला होता.

घराण्यांचं काय

हे सगळं काकांना सांगत होतो तेव्हा त्यांनी एक चांगला मुद्दा काढला आणि मी त्यावर दोन दिवस विचार करत होतो. ते म्हणाले, "अहो पण आपली घराणीसुद्धा गावांच्या नावाचीच आहेत की. किराणा, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर-अत्रौली. आणि त्यावरून गाणं कळतं."

खरंय. किराणा म्हटलं की सूर धरून सावकाश आलापी हे कोणालाही सुचेल, मग ते मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ असोत, सवाई गंधर्व असोत की गंगूबाई. जयपूर-अत्रौली म्हटलं की अनवट राग आणि लयीशी गुंतलेल्या पेचदार ताना, अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात होते, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दोघी गोव्याच्या, म्हणजे त्या गाण्याचा त्या दोन गावांशी राहता संबंध फारसा उरला नव्हता, तरी ते नाव आवाज सांगतं. का? कारण समोर बसवून, वर्षानुवर्षं, तोंडाने तोंडात दिलेलं आहे. श्वास कुठे घ्यायचा, समेवर कसं यायचं, कुठल्या सुरावर किती थांबायचं हे सगळं गुरूकडून आलेलं. नाव गावाचं असलं तरी त्यामागे शिकवणं आहे. आणि जिथे कलाकार त्या शिकवणीच्या बाहेर गेला तिथे तीच पाटी कमी पडायला लागते, किशोरीताईंना नुसतं जयपूर-अत्रौली म्हणून थांबणारा त्यांचं गाणं अर्धंच सांगतो हे त्यांचे श्रोते मान्य करतील.

मला वाटतं सिॲटलच्या प्रकरणाची किल्ली हीच आहे. १९८८ च्या ग्रंजमागे हातातून हातात गेलेलं काहीतरी होतं, पेडल, स्टुडिओ, वाजवायची सवय. थ्रॅशमागेही आहे, उजव्या हाताने तार दाबून झपाझप खाली मारायची ती पद्धत एकाने दुसऱ्याची ऐकून घोटलेली आहे, त्यामुळे थ्रॅश म्हटलं की आवाज डोळ्यासमोर येतो. १९९२ च्या ग्रंजमागे असं काही नव्हतं, नकाशा आणि कॅलेंडर होतं. म्हणून ती पाटी मडहनीला बसते, ॲलिस इन चेन्सला नाही, आणि सगळ्या पाट्या एका मापाने मोजणं ही माझी चूक होती.

शेवटी आम्ही एक छोटी गंमत केली, तिला प्रयोग म्हणणं जास्त होईल. भाचीची एक मैत्रीण आली होती, तिने यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. तिला आणि काकांना सहा गाणी नावं न सांगता ऐकवली, दोन ॲलिस इन चेन्स, एक जड एक अकूस्टिक, आणि बाकी निर्वाणा, मडहनी, पर्ल जॅम, साउंडगार्डन, आणि सांगितलं की जी सारखी वाटतात ती एकत्र लावा. काकांनी साउंडगार्डन आणि जड ॲलिस एकत्र ठेवले, मात्रांमुळे. मैत्रिणीने मडहनी आणि निर्वाणा एकत्र ठेवले कारण "दोघंही ओरडताना दमतात". पर्ल जॅम दोघांनीही वेगळं काढलं, काका म्हणाले हे जुन्या धाटणीचं आहे, गिटार नीट गाते यात. आणि दोघांनीही, एकमेकांशी न बोलता, ॲलिसची दोन गाणी एकत्र ठेवली, एक बेस आणि ड्रमने छाती दणाणणारं आणि एक साधं अकूस्टिक. विचारलं का, तर मैत्रीण म्हणाली, "तेच दोघं गातायत ना."

सहाही गाणी एका गठ्ठ्यात मात्र कोणीच ठेवली नाहीत.

तरीही पाटी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. भाचीला हा बँड मिळाला तो त्याच ग्रंज प्लेलिस्टमुळे, मला मिळाला तोही असाच, कोणाच्या तरी कॅसेटच्या पाठीमागे याच यादीतली इतर नावं वाचून. ज्याला या लोकांची आपापसातली नाती बघायची आहेत, कोण कोणाबरोबर राहिला, कोण कोणासाठी रडला, त्याला हा शब्द लागतोच. सिॲटलचाच गायक अँड्र्यू वुड १९९० मध्ये गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी साउंडगार्डन आणि पुढे पर्ल जॅम झालेली मंडळी एकत्र येऊन टेंपल ऑफ द डॉग हा अल्बम करतात, स्टेली ५ एप्रिल २००२ ला जातो, कोबेननंतर बरोबर आठ वर्षांनी त्याच तारखेला, हे सगळं एका शब्दाखाली गोळा होतं आणि ते व्हायलाही हवं. माझी तक्रार इतकीच की कोणी विचारलं "हा बँड ऐकायला कसा आहे" तर तो शब्द उत्तर म्हणून पुढे करू नये. बँड परत आला, २००६ पासून विल्यम डुव्हॉल हा अटलांटाकडचा माणूस गायला लागला, २००९ मध्ये नवा अल्बम निघाला, गाव सुटलं, साल सुटलं, आणि तरी पहिलं धृपद आलं की अंगावर काटा येतो, कारण कँट्रेल आणि तो दोन सुरांवर एकत्र गातायत.

भाची जूनमध्ये नाशिकला परत गेली. गिटार आता कायम अर्धा सूर खाली असते, तिच्या क्लासच्या सरांना ते आवडत नाही म्हणे, दर वेळी परत वर चढवावी लागते. तिने तिची स्वतःची यादी केलीय, नाव ठेवलंय 'दोघं मिळून', आणि तिच्यात जार ऑफ फ्लाइजमधल्या 'नो एक्सक्यूझेस'च्या शेजारी सायमन आणि गार्फंकल ही दोन आवाजांत गाणारी जुनी जोडी आहे. मला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा हे लागोपाठ ऐक, मध्ये थांबू नकोस." ऐकलं. लागोपाठ छान जातं.